उभ्या गाडीचे दुखणे

शिरोळ तालुक्यात उसाचे बिल जमा झाले की एखाद्या दारात चारचाकी येते, आणि आली की बहुतेक वेळ दारातच राहते. रानात जायला मोटरसायकल, जयसिंगपूरच्या बाजाराला मोटरसायकल, पोरांना शाळेत सोडायलाही तीच. चारचाकी निघते ती पौर्णिमेला नरसोबाच्या वाडीला, लग्नसराईत, कुणाला मिरजेच्या दवाखान्यात न्यायचे असेल तेव्हा, आणि अधूनमधून कोल्हापूरला. पुण्यात नोकरी करणाऱ्या मुलाने गाडी आईवडिलांकडे ठेवली असेल तर ती दिवाळी ते उन्हाळ्याची सुट्टी एवढी उभीच असते. मग एखाद्या पहाटे निघायची वेळ येते, किल्ली फिरवली की नुसता टकटक आवाज येतो, समोरचे दिवे मंदावतात आणि सेल्फ काही घेत नाही. शेजारचे चौघे जमतात, धक्का मारतात आणि निदानही तिथेच करून टाकतात : कंपनीची बॅटरीच खराब, नाहीतर तीन वर्षे झाली म्हणजे संपायचीच. या निदानात मालकाच्या सवयीचा उल्लेख कुठेच नसतो. मला वाटते, आपल्यासारख्या तालुक्यात घरगुती गाडीची बॅटरी वेळेआधी जाते ती वापरल्यामुळे नव्हे, न वापरल्यामुळे. आणि ती वाचवण्यासाठी आपण जे उपाय करतो त्यातले निम्मे निरुपयोगी आहेत.

आधी हिशेब. गाडी बंद केली, किल्ली काढली, कुलूप लावले तरी आत सगळे थांबलेले नसते. घड्याळ चालू असते, सेंट्रल लॉक रिमोटची वाट पाहत असते, इंजिनाचा संगणक आपली स्मृती सांभाळत असतो, चोरीची घंटा जागी असते. धडधाकट गाडीत हे सगळे मिळून २० ते ५० मिलिअँपिअर वीज सतत ओढतात. ४० धरले तर दिवसाला जवळपास एक अँपिअर-तास होतो. लहान गाडीच्या बॅटरीची क्षमता ३५ अँपिअर-तासांच्या आसपास असते. म्हणजे गाडी पंधरा दिवस हलली नाही तर ४० टक्क्यांहून अधिक वीज काही न करता गेली. आता सेल्फचा खर्च पाहा. लहान पेट्रोल गाडीचा स्टार्टर दीडशेएक अँपिअर खेचतो, पण दोनच सेकंद. गुणाकार केला तर एका अँपिअर-तासाचा बारावा हिस्सा भरतो. गाडी दोन तास नुसती उभी राहिली तरी तेवढीच वीज जाते. सेल्फ मारताना आपण जपून मारतो, आणि पंधरा दिवस गाडी झाकून ठेवताना मात्र बॅटरीला विश्रांती मिळाली असे समजतो. हिशेब नेमका उलटा आहे.

गेलेली वीज पुन्हा भरता येतेच, मग बिघडले कुठे, असे कुणी विचारेल. बिघडते ते रसायनात. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिसे आणि गंधकाम्लाची बॅटरी बनवली, तेव्हापासून तिची मूळ क्रिया बदललेली नाही. बॅटरी उतरत जाते तसे तिच्या दोन्ही प्रकारच्या प्लेटांवर शिशाचे सल्फेट साचते. ते ताजे असताना बारीक आणि मऊ असते; लगेच चार्जिंग झाले तर विरघळून पुन्हा मूळ रूपात जाते. पण अर्धवट उतरलेली बॅटरी तशीच आठवडेच्या आठवडे राहिली तर या सल्फेटचे खडे मोठे आणि टणक होतात. नंतर कितीही चार्ज केले तरी ते पूर्ण सुटत नाहीत. प्लेटचा तेवढा भाग कायमचा बाद होतो. बाहेरून बॅटरी नवीकोरी दिसते, आत तिची टाकी लहान झालेली असते. शिवाय गाडीची बॅटरी ही थोड्या वेळात भरपूर वीज देण्यासाठी, पातळ आणि पुष्कळ प्लेटा घालून केलेली असते. इन्व्हर्टरच्या बॅटरीसारखी पार तळाला जाऊन वर येणे तिला झेपत नाही. ती चार-पाच वेळा पूर्ण उतरली की तिच्या आयुष्याचा मोठा तुकडा गेला, असे खुशाल समजावे.

यावर घरोघर चालणारा उपाय म्हणजे रविवारी सकाळी गाडी जागेवरच चालू करून पाच-दहा मिनिटे ठेवणे. इंजिनाचा आवाज ऐकला की मालकाचे समाधान होते. बॅटरीचे होत नाही. इंजिन मंद फिरत असताना डायनामो, म्हणजे आजच्या गाडीतला अल्टरनेटर, पूर्ण जोराने वीज देत नाही. इंजिनाची स्वतःची गरज भागवून बॅटरीकडे दहा अँपिअर गेले असे उदारपणे मानले, तर पाच मिनिटांत पाऊण-एक अँपिअर-तास जमा होतो. तो एका दिवसाची गळती कशीबशी भरतो. आठवड्याचे उरलेले सहा दिवस तसेच बाकी राहतात. त्यात एसी आणि टेप लावून बसले तर तेवढेही नाही. इंजिनालाही हे मानवत नाही : ते पुरते तापत नाही, आतली वाफ तेलात उतरते, सायलेन्सरमध्ये पाणी साचते, आणि पेट्रोल जाते ते वेगळेच. आठवड्याची सात अँपिअर-तासांची तूट भरायला गाडी रस्त्यावर तासभर तरी धावली पाहिजे, कारण शिशाची बॅटरी रिकामी असताना वीज भराभर घेते आणि भरत आली की हळू घेते. शेवटचा पाचवा हिस्सा भरायला तर काही तास लागतात. शिरोळहून जयसिंगपूर किंवा वाडी हे अंतर आठ-दहा किलोमीटरच्या आतले. तिथे जाऊन येण्याने आठवड्याचा हिशेब पुरता मिटत नाही. कोल्हापूरची फेरी मिटवते.

कोल्हापूरला कामाशिवाय दर आठवड्याला कोण जाणार, हा आक्षेप रास्त आहे, आणि केवळ बॅटरीसाठी पेट्रोल जाळत फिरा असे मी सांगणार नाही. याचे उत्तर आपल्याच तालुक्यात ट्रॅक्टरवाल्यांकडे आहे. ऊस वाहणारा ट्रॅक्टर गाळपाच्या चार-पाच महिन्यांत रात्रंदिवस पळतो. कारखान्याच्या गव्हाणीबाहेर रांगेत रात्र काढतो, त्यावर कर्णकर्कश टेप वाजत असतो, तरी हंगामात त्याची बॅटरी क्वचितच दगा देते. ती जाते पावसाळ्यात, शेडमध्ये उभी असताना. म्हणून जाणता ट्रॅक्टरमालक हंगाम संपून पट्टा पडला की बॅटरीची वायर काढून ठेवतो, काहीजण चोरीच्या भीतीने का होईना बॅटरीच उतरवून घरात आणतात. चारचाकीला हीच युक्ती लागू आहे. दोन आठवड्यांपेक्षा जास्त काळ गाडी निघणार नसेल तर दहा नंबरचा पाना घेऊन मायनसची वायर सोडवावी. गळती तिथेच थांबते. बॅटरी मग फक्त स्वतःच्या आतल्या आत जी थोडी झिजते तेवढीच झिजते, आणि ती झीज महिन्याला काही टक्क्यांपुरती असते. मायनसच का, तर प्लस सोडवताना पाना चुकून गाडीच्या लोखंडाला टेकला की ठिणगी उडते. मायनस आधी काढला की हा धोका उरत नाही. जोडताना उलटा क्रम : प्लस आधी, मायनस शेवटी.

वायर काढली की घड्याळ बंद पडते, रेडिओची स्टेशने पुसली जातात, काही गाड्यांत टेप सांकेतिक क्रमांक मागतो, काच वर-खाली करणारी यंत्रणा नव्याने शिकवावी लागते. गैरसोय आहे. सेंट्रल लॉकही चालत नाही, म्हणून दरवाजाला हाताने किल्ली लागते ना, हे आधीच पाहून ठेवावे. ज्याला हे नको त्याने दोन-तीन हजारांचा आपोआप थांबणारा चार्जर घ्यावा आणि आठवड्या-दोन आठवड्यांतून एक रात्र लावावा. जवळ प्लग नसेल, गाडी रस्त्याच्या कडेला उभी असेल, तर मात्र पानाच उपयोगी. यांपैकी काहीही न करता चार हजारांचे सीट कव्हर बसवणारे लोक पाहिले की गाडी नेमकी कुणासाठी सांभाळली जाते, असा प्रश्न पडतो.

गळती वाढवण्याचे उद्योगही आपणच करतो. गाडी उभी असतानाही चित्रण करणारा समोरचा कॅमेरा दोनशे-तीनशे मिलिअँपिअर सहज ओढतो, म्हणजे दिवसाला पाच-सहा अँपिअर-तास. चौथ्या-पाचव्या दिवशी सेल्फ फिरणे मुश्कील. मागे बसवलेला अँप्लिफायर, जीपीएस यंत्र, वरून जोडलेले जादा दिवे आणि हॉर्न यांची वायर किल्लीच्या अलीकडून घेतली की पलीकडून, यावर सगळे अवलंबून असते. वायरिंगवाला सोपे पडते म्हणून ती थेट बॅटरीला जोडतो, मालक विचारत नाही. लग्नाच्या मांडवापाशी इंजिन बंद ठेवून दोन तास हेडलाइट लावले तर दहा अँपिअरच्या हिशेबाने वीस अँपिअर-तास गेले. परतीच्या वेळी धक्का ठरलेला. आणि आजच्या इंजेक्शनच्या गाडीला धक्क्याचा भरवसा नाही. बॅटरी पार उतरली असेल तर इंजिनाचा संगणकच जागा होत नाही, मग गाडी कितीही ढकला. त्यापेक्षा जंपर केबल डिकीत असावी. प्लसला प्लस लावावा, आणि मायनसचे शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीवर न लावता बंद गाडीच्या इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावावे. चार्जिंगमधून हायड्रोजन वायू निघतो, आणि शेवटच्या जोडणीची ठिणगी त्याच्यापासून दूर पडावी, एवढेच त्यामागचे कारण आहे.

उष्णतेचे वेगळे सांगायला हवे. रासायनिक क्रियांबाबत एक ढोबळ नियम आहे : तापमान दहा अंशांनी वाढले की वेग साधारण दुप्पट होतो. बॅटरीच्या आत याचा अर्थ पाणी लवकर उडणे, प्लेटांची जाळी लवकर गंजणे आणि स्वतःहून होणारी गळती वाढणे. एप्रिल-मेमध्ये बाहेर पारा अडतिसाच्या आसपास असतो तेव्हा गोठ्याशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये आणि बॉनेटखाली काय होत असेल, याचा अंदाज करता येईल. पत्र्याखालच्या गाडीपेक्षा कडुनिंबाखालची गाडी बरी, मग पक्ष्यांनी छतावर काय केले ते पुसावे लागले तरी चालेल. उन्हाळ्यात झालेले नुकसान लगेच कळत नाही. थंडीत बॅटरीची ताकद तशीही घटते, इंजिनाचे तेल घट्ट होते. म्हणून मे महिन्यात अधू झालेली बॅटरी डिसेंबरच्या पहाटे दगा देते आणि लोक थंडीला दोष देतात.

आता सर्वांत लोकप्रिय आक्षेप : हल्लीच्या बॅटऱ्या मेन्टेनन्स फ्री असतात, त्यांचे करायचे काय? या शब्दांचा अर्थ एवढाच की तिच्यात पाणी घालायची गरज सहसा पडत नाही. ती उतरत नाही, तिच्या टर्मिनलवर पांढरी-हिरवट भुकटी धरत नाही, किंवा खड्ड्यांच्या रस्त्यावर तिची पट्टी सैल होऊन ती हलत नाही, असे कंपनीनेही म्हटलेले नाही. भुकटी धरली तर वीज जाण्या-येण्याला अडथळा होतो; खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने ती धुवावी, कोरडी करावी, वायर घट्ट बसवून वरून व्हॅसलीन लावावे. ज्यांच्या बॅटरीला अजून बुचे आहेत त्यांनी डिस्टिल्ड वॉटरच घालावे. एसीतून ठिबकलेले पाणी चालते असे गॅरेजमध्ये सर्रास सांगितले जाते. त्यात धूळ आणि कॉइलच्या धातूचे अंश असतात, ते चालत नाही. घरच्या आरओचेही नाही, कारण त्यात थोडे का होईना क्षार उरतात. आपल्या बोअरच्या पाण्याबद्दल तर बोलायलाच नको. ज्या तालुक्यात क्षारपड जमिनीवर इतकी वर्षे चर्चा चालू आहे, तिथे पाण्यातल्या मिठाचे परिणाम कुणाला समजावण्याची गरज नाही. अ‍ॅसिड वरून कधीच ओतू नये. उडते ते पाणी, अ‍ॅसिड आतच असते.

पूर ही शिरोळची खास अडचण, आणि गाडीविषयक लेखांत तिला जागा मिळत नाही. कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेने ३९ फुटांची इशारा पातळी गाठली की खाली शिरोळकडे लोक आवराआवर सुरू करतात. ४३ फूट ही धोक्याची. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांत कृष्णेपलीकडच्या आलास, बुबनाळ, औरवाड, कवठेगुलंदपासून नरसोबाची वाडी, कुरुंदवाडपर्यंत गावे पाण्याने वेढली गेली, आणि वाहने उंचवट्यावर, कुणाच्या तरी ओळखीच्या दारात, दिवसेंदिवस उभी राहिली. जनावरे, धान्य, माणसे यांच्या धावपळीत गाडीची आठवण कुणाला असणार, हे खरेच. पण गाडी उंचावर लावतानाच मायनस सोडवायला दोन मिनिटे पुरतात, आणि त्याचा दुहेरी फायदा होतो : परत येईपर्यंत बॅटरी शाबूत राहते, आणि समजा पाणी तिथवर चढलेच तर ओल्या वायरिंगमध्ये वीज खेळत नाही, जोडण्या सडण्याचा वेग घटतो. पाण्यात गेलेली गाडी ओसरल्यावर सेल्फ मारून पाहण्याचा मोह आवरला पाहिजे. सिलिंडरमध्ये पाणी असेल तर पिस्टनचा दांडा वाकतो, आणि असे नुकसान साध्या विमा पॉलिसीत सहसा बसत नाही. इंजिन संरक्षणाची वेगळी पुरवणी असावी लागते. आधी मायनस काढावा, गाडी ओढून गॅरेजला न्यावी.

हे सगळे मान्य करूनही व्यवहारी माणूस म्हणेल : लहान बॅटरी चार-पाच हजारांत मिळते, तीन वर्षांनी एकदा एवढे गेले तर काय मोठे? दहा लाखांच्या गाडीला एवढ्यासाठी पाने-बिने कुणी शोधायचे? पैशांपुरते हे बोलणे खोडून काढण्याजोगे नाही. पाच वर्षे चालू शकणारी बॅटरी तीन वर्षांत बदलली तर घर बुडत नाही. पण हिशेबात फक्त मालकाचे पैसे नाहीत. दहा किलोच्या बॅटरीत साधारण सहा किलो शिसे असते. शिसे नीट परत मिळवता येते, आणि अधिकृत कारखान्यांत ते मिळवलेही जाते. अडचण तिथे आहे जिथे बॅटरी भंगारात वजनावर विकली जाते, कुऱ्हाडीने फोडली जाते, आम्ल जमिनीवर ओतले जाते आणि शिसे उघड्या भट्टीत वितळवले जाते. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थेच्या २०२० च्या अहवालात जगभरातल्या सुमारे ८० कोटी मुलांच्या रक्तात शिशाचे प्रमाण चिंताजनक असल्याचे म्हटले होते, आणि त्याच्या मुख्य कारणांत बॅटऱ्यांचा असा बेकायदा पुनर्वापर धरला होता. भारताचा वाटा त्यात सर्वांत मोठा. केंद्राने ऑगस्ट २०२२ मध्ये बॅटरी कचरा व्यवस्थापनाचे नवे नियम आणले. २००१ च्या जुन्या नियमांची जागा त्यांनी घेतली आणि जुनी बॅटरी गोळा करण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. ग्राहकावरही ती इतर कचऱ्यात न टाकता योग्य ठिकाणी देण्याची जबाबदारी आहे. म्हणून नवी घेताना जुनी त्याच दुकानात जमा करून बिलात सूट घ्यावी, भंगारवाला शंभर-दोनशे जास्त देत असला तरी. पंचगंगेच्या प्रदूषणासाठी इचलकरंजी आणि कोल्हापूरकडे बोट दाखवताना, आपल्या दारातून काय गेले हेही विचारायला हरकत नसावी. आणि तीनऐवजी पाच वर्षे टिकलेली बॅटरी म्हणजे पंधरा वर्षांत पाचाऐवजी तीनच बॅटऱ्या भट्टीकडे जाणार.

मोठी बॅटरी बसवली की प्रश्न सुटतो, असेही काहीजण मानतात. नाही. टाकी मोठी झाली तरी भरणारा नळ तोच राहतो. कमी फिरणाऱ्या गाडीत मोठी बॅटरी जास्त काळ अर्धवट राहते, आणि सल्फेटला तेच हवे असते. विजेची गाडी घेतली की ही कटकट संपेल, हाही गैरसमज. आजच्या बहुतेक विजेच्या गाड्यांत मोठ्या लिथियम बॅटरीशिवाय एक छोटी बारा व्होल्टची बॅटरी असतेच, कुलूप, दिवे आणि संगणक तिच्यावर चालतात, आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी जागची हलत नाही.

राहता राहिला प्रश्न ओळखायचे कसे हा. अंदाजाने नव्हे, आकड्याने. दोन-तीनशे रुपयांच्या मल्टिमीटरने, गाडी रात्रभर उभी राहिल्यावर सकाळी, सेल्फ मारण्याआधी मोजावे. १२.६ व्होल्ट किंवा वर म्हणजे भरलेली. १२.४ म्हणजे पाऊण. आता चार्ज करायला हवी. १२.२ म्हणजे निम्मी, आणि सल्फेट धरायला लागले आहे असे समजावे. १२ च्या खाली गेली तर त्याच दिवशी चार्जरवर. सेल्फ मारताना आकडा क्षणभर खाली येतो. तो दहाच्या बराच खाली जात असेल तर भरलेली असूनही बॅटरी आतून थकली आहे. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४ च्या दरम्यान मिळाला तर डायनामो ठीक. जुने मिस्त्री हीच परीक्षा चालू इंजिनावर बॅटरीची वायर उपटून करायचे. आजच्या गाडीत तसे केले तर व्होल्टेज उसळून संगणक जळू शकतो. कुणी ते करू लागला तर त्याचा हात धरावा.

हे प्रत्येकाने शिकावे अशी अपेक्षा ठेवली तर ती पुरी होणार नाही, हे मला कळते. म्हणून मागणी दुकानांकडे आणि सर्व्हिस सेंटरांकडे करायला हवी. सर्व्हिसिंगच्या बिलावर चाकांतली हवा, तेल, फिल्टर यांच्या ओळी असतात. त्यात उभ्या बॅटरीचे व्होल्टेज, सेल्फच्या वेळचे आणि चालू इंजिनाचे, असे तीन आकडे लिहिले जावेत. नवी बॅटरी विकताना तिच्यावरची उत्पादनाची तारीख ग्राहकाला दाखवावी, कारण दुकानाच्या फळीवर सहा महिने चार्जिंगविना पडलेली बॅटरी ही उभ्या गाडीतल्या बॅटरीसारखीच झिजलेली असते. आणि 'संपली' असे सांगून नवी गळ्यात मारण्याआधी जुनी रात्रभर चार्ज करून लोड टेस्टरचा निकाल लेखी द्यावा. वॉरंटीच्या मुदतीत बॅटरी परत नेली तर कंपनीच्या वतीने दुकानदार हीच चाचणी करतो. मुदत संपलेल्या गिऱ्हाइकालाही ती मिळायला हरकत नाही. टेस्टर बॅटरीच्या बहुतेक दुकानांत असतो, तो लावायला पाच मिनिटेही लागत नाहीत.